चार ब्रासची रेघ

आम्ही गलाईवाले. मूळचे खानापूर तालुक्यातले, विट्याच्या बाजूचे. गावोगाव, परराज्यांत जाऊन सोनं-चांदी आटवून शुद्ध करून देणं हा आमच्या भागाचा धंदा. माझं दुकान चेन्नईच्या सौकारपेटमध्ये आहे. मूस, आटणी, टंच आणि मिलिग्रॅमपर्यंत बोलणारा काटा, यातच आयुष्य गेलं. अशा माणसाला दहाचाकी टिपर घ्यायची बुद्धी का झाली, असं बायको अजून विचारते.

त्याला कारण भाचा. २०१७ च्या मे अखेरीस टी. नगरच्या उस्मान रोडवरची चेन्नई सिल्क्सची सात मजली इमारत आगीत सापडली आणि जूनमध्ये लांब दांड्याच्या यंत्राने ती पाडायला घेतली. बघ्यांची गर्दी यंत्राकडे बघत होती, आमचा भाचा ढिगाऱ्याच्या गाड्यांकडे. "मामा, पाडून एकदाच होतं, राडारोड्याच्या खेपा किती होतात बघा." हिशोब खोटा नव्हता. पश्चिम मांबलम, मैलापूर, कुठेही जा, जुनं घर पाडून तिथे फ्लॅट उभे राहत असतात. २०१८ मध्ये एक वापरलेला टिपर घेतला.

पहिली चूक तिथेच झाली. गाडीचा रंग कोरा करकरीत, म्हणून मी खूश. सोन्यावरचा मुलामा ओळखणारा मी, चेसिसवरच्या ताज्या काळ्या रंगाखाली वेल्डिंगचा जोड आहे हे मला ओळखता आलं नाही. रेती वाहिलेली गाडी आणि पाडकामात राबलेली गाडी यांत फार फरक असतो. स्लॅबचे तुकडे पोकलेनच्या बकेटमधून आदळतात, बॉडीचा पत्रा पोचे घेतो, सळया टायर फाडतात. तुम्ही घेणार असाल तर गाडीखाली आडवे व्हा, टॉर्च मारा आणि जोड दिसला की किंमत न विचारता घरी या. रिकामी बॉडी पूर्ण वर उचलायला लावा, इंजिन बंद करून अर्धा तास थांबा. बॉडी हळूहळू खाली बसायला लागली तर हायड्रॉलिकमध्ये कुठेतरी गळती आहे. मात्र त्या अर्ध्या तासात कुणालाही तिच्याखाली डोकावू देऊ नका. खाली काम करायचंच तर मजबूत टेकू लावल्याशिवाय नाही. जॅकवर भरवसा ठेवून उचललेल्या बॉडीखाली शिरणारे मेकॅनिक मी पाहिलेत आणि प्रत्येक वेळी ओरडलो आहे.

दुसरी चूक महागात पडली. आपल्याकडचा ब्रास तोच इथला युनिट, म्हणजे १०० घनफूट. माझ्या गाडीची बॉडी पाच ब्रासची. विटा-मातीचा सुका माल असेपर्यंत निभावलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये चेन्नईत पाऊस थांबेना, तेव्हा एका जुन्या बंगल्याचं काँक्रीट उचलायचं होतं. फोडलेलं काँक्रीट ब्रासला चार टनांच्या आसपास भरतं, त्यात भिजलेली माती आणि गिलावा. पोकलेनवाल्याने बॉडीवर शीग चढवली. "सार, लोड फुल्ल," ड्रायव्हर अण्णा म्हणाले. मी दुकानातून फोनवरच हो म्हणालो.

मेडवाक्कमच्या बाजूला एका सखल प्लॉटवर भराव चालू होता. क्लीनर मागून "वरलाम्, वरलाम्" करत होता. डावी मागची चाकं ताज्या भरावावर गेली. बॉडी वर जायला लागली, फाळका उघडला, मागचा माल सुटला, पण चिकट माती पुढच्या भिंतीला धरून राहिली. टनांचं वजन उंचावर, तेही एका बाजूला. डावी चाकं रुतली आणि गाडी झोपली. अण्णांचं गळ्याजवळचं हाड मोडलं, जीव वाचला. क्लीनर उजवीकडे उभा होता, एवढंच त्याचं नशीब.

विमा कंपनीचा सर्व्हेअर आला आणि त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "वजनकाट्याची पावती?" माझ्याकडे नव्हती. पावतीशिवाय माझ्या दुकानातून गुंजभर सोनं बाहेर जात नाही आणि इथे गाडीभर माल नुसत्या अंदाजाने गेला होता. क्लेम कापला गेला. त्यांना दोष देत नाही.

मग मी कागद घेऊन बसलो. माझ्या गाडीचं मान्य एकूण वजन २८ टन, रिकामी गाडी अकराच्या जवळपास, म्हणजे माल १७ टन. काँक्रीट असेल तर सव्वाचार ब्रास. पाच ब्रासची बॉडी म्हणजे पाच ब्रास भरायची परवानगी नव्हे, ही गोष्ट मला साडेतीन वर्षांनी कळली. दंड वेगळाच: जादा वजनाला आधी २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २,०००, शिवाय जादा माल तिथेच उतरवायचा. २०१८ मध्ये दहाचाकी गाडीची मर्यादा २५ वरून २८.५ टन झाली, तेव्हा "आता मोकळीक" म्हणणारे बरेच होते. पण आरसी बुकात लिहिलेलं वजन आपोआप वाढत नाही, आणि स्प्रिंगपाटे तर त्याहून नाही.

माल कुठे टाकता हेही बघा. तळ्याच्या कडेला, दलदलीत रात्री ओतून येणारे आहेत. पळ्ळिकरणैची दलदल २०२२ पासून रामसर यादीत आहे. पेरुंगुडी आणि कोडुंगैयूर इथे पाडकामाच्या कचऱ्यावर प्रक्रिया करायची सोय आहे. तिकडे न्या आणि पावती ठेवा. खेप लांब पडते, दर त्याप्रमाणे सांगा. आणि उतरवताना कठीण, सपाट जमीन मिळत नसेल तर माल परत आणा. वर विजेच्या तारा आहेत का, हे बॉडी उचलण्याआधी खाली उतरून बघायचं, केबिनमध्ये बसून नाही. बॉडी वर असताना गाडी पुढे घ्यायची नाही.

गाडी मी विकली नाही. बॉडीच्या आत चार ब्रासला पिवळी रेघ मारून घेतली आहे. पोकलेनवाला कुरकुरतो, पण रेघेला बकेट थांबते. अण्णा आता गाडी चालवत नाहीत, काट्यावर उभे राहून पावती घेतात. फाईल माझ्या गल्ल्याशेजारी असते.