आगरतळा–कोलकाता : हवाई अंतर आणि प्रवासाचा काळ

आगरतळा आणि कोलकाता या दोन शहरांतील हवाई अंतर सुमारे ३२० किलोमीटर आहे. रेल्वेने मात्र सिलिगुडीजवळची चिंचोळी पट्टी, गुवाहाटी आणि बराक खोरे असा वळसा घालून सुमारे १,५५० किलोमीटरचा प्रवास करावा लागतो. १९४७ च्या फाळणीने निर्माण केलेले हे अंतर आहे. तत्पूर्वी आगरतळ्यास जवळचे रेल्वेस्थानक अखौरा हे होते. ते अवघ्या काही किलोमीटरवर असूनही आज बांगलादेशात आहे.

ताशी ८०० किलोमीटर वेगाने ३२० किलोमीटर अंतर २४ मिनिटांत पार व्हावयास हवे. तथापि वेळापत्रकात या उड्डाणासाठी सुमारे एक तास धरलेला असतो. धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे, उतरण्यासाठी क्रम लागणे या बाबींना लागणारा वेळ अंतरानुसार फारसा कमी होत नाही. विमानतळापर्यंतचा प्रवास, सुरक्षा तपासणी व सामानाची प्रतीक्षा जमेस धरल्यास घरापासून घरापर्यंत चार तास सहज लागतात. म्हणजेच प्रत्यक्ष वेग ताशी ८० किलोमीटर! रेल्वेस जवळपास ३७ तास लागतात. सरळ अंतराच्या हिशेबाने हा वेग ताशी नऊ किलोमीटरही भरत नाही. सायकलस्वारही याहून वेगाने जातो.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने प्रश्न येथेच सुरू होतो. प्रवासाची खरी किंमत म्हणजे तिकीट अधिक खर्च झालेल्या वेळेचे मोल. पर्याय इतका दुर्बळ असल्यावर भाडे वाढले तरी रुग्ण, विद्यार्थी वा नोकरदार यांची मागणी फारशी घटत नाही. त्यातच मे २०२२ मध्ये आसामच्या डिमा हसाओ जिल्ह्यात दरडी कोसळून हा लोहमार्ग अनेक आठवडे बंद राहिला. अशा वेळी विमान ही चैन उरत नाही. त्यामुळे ‘दर किलोमीटर भाडे’ हा निकष या मार्गास लावणे दिशाभूल करणारे ठरते. तुलना ३२० किलोमीटरशी नव्हे, तर वाचलेल्या ३३ तासांशी व्हावयास हवी. १९९४ च्या मार्ग-विभाजन धोरणाने ईशान्येकडील मार्गांवर ठरावीक प्रमाणात आसनक्षमता पुरविणे विमान कंपन्यांवर बंधनकारक केले, हे योग्यच झाले. परंतु आसने उपलब्ध असणे आणि ती परवडणे या भिन्न गोष्टी आहेत.

मालवाहतुकीला तर विमानाचा आधार नाममात्रच. त्रिपुरातील पालाटाणा वायू-विद्युत प्रकल्पाची अवजड यंत्रसामग्री २०११-१२ मध्ये बांगलादेशातील आशुगंज नदीबंदरामार्गे आणावी लागली. आगरतळा–अखौरा या १२.२४ किलोमीटरच्या लोहमार्गाचे उद्घाटन १ नोव्हेंबर २०२३ रोजी झाले. प्रवासी वाहतूक मात्र त्यासोबत सुरू झाली नाही.