क्वांटम संगणक आणि आपण

आजचे युग हे संगणकाचे युग आहे. मोबाईलवरून पाठविलेले पैसे वाटेत कोणी लुबाडू नये म्हणून त्या व्यवहाराला गणिताचे कुलूप लावलेले असते. आम्ही कला शाखेचे पदवीधर. पण बँकेत नोकरी करीत असल्याने हे कुलूप समजून घेणे आम्हास अगत्याचे वाटले.

विद्यार्थी मित्रहो, ६१ आणि ५३ यांचा गुणाकार करा. ३२३३ हे उत्तर मिनिटात येईल. परंतु नुसते ३२३३ देऊन त्याचे अवयव पाडा म्हटले, तर बराच वेळ जाईल. १९७७ साली तयार झालेले ‘आरएसए’ हे कुलूप याच अडचणीवर उभे आहे. त्यातील संख्या सहाशेहून अधिक अंकी असते. तिचे अवयव पाडणे आजच्या महासंगणकालाही जमत नाही.

साधा संगणक ० किंवा १ या ‘बिट’वर चालतो. क्वांटम संगणकाचा ‘क्युबिट’ मात्र ० आणि १ यांच्या संमिश्र अवस्थेत राहू शकतो. तो सगळी उत्तरे एकदम सांगतो, हा गैरसमज आहे; मोजमाप करताच एकच उत्तर हाती येते. तळ्यातल्या लाटा जशा कुठे एकमेकींना वाढवितात, कुठे जिरवितात, तशी चुकीची उत्तरे जिरवून बरोबर उत्तर बळकट करणे, हे त्याचे खरे कौशल्य. या रीतीने मोठ्या संख्येचे अवयव पाडता येतील, हे पीटर शोर यांनी १९९४ मध्ये दाखविले.

मग आपला पैसा धोक्यात आहे काय? आज नाही. क्युबिट फार नाजूक असतात. जराशा उष्णतेने त्यांचे गणित चुकते. २००१ मध्ये सात क्युबिटच्या यंत्राने १५ चे अवयव ३ आणि ५ असे पाडले, एवढीच ती सुरुवात होती. मात्र आज चोरून साठविलेली माहिती उद्या उघडता येईल, ही भीती खरी आहे. म्हणूनच ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने नव्या कुलपांची तीन मानके जाहीर केली.

हेच यंत्र पुढे नवी औषधे व खते शोधण्यासही साह्य करू शकेल. भारत सरकारने २०२३ मध्ये सुमारे सहा हजार कोटी रुपयांचे राष्ट्रीय क्वांटम अभियान मंजूर केले. त्याचे एक केंद्र आपल्या पवईच्या आयआयटीत आहे.

पवई दूर नाही. दूर आहे ती गणिताची गोडी. नवे ज्ञान मूठभरांच्या हाती राहिले, तर बाकीचे नुसते खातेदार राहतात. तेव्हा पालकांनो, आपल्या मुलामुलींना गणित अवघड म्हणून सोडू देऊ नका, हीच आमची कळकळीची विनंती.