नैराश्य आणि रोजच्या सवयी

"सर, हल्ली हा काहीच करत नाही, नुसता पडून असतो." पालकसभेत असं वाक्य ऐकलं की आपण चटकन 'आळशी' असा शिक्का मारतो. पण उदासपणा किंवा कशातच रस नसणं दोन आठवडे जवळजवळ रोज टिकलं, सोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडली, तर ते नैराश्य असू शकतं. मुलांमध्ये ते कधी कधी चिडचिडीच्या रूपातही दिसतं.

नैराश्य हे एक चक्र आहे. मन उदास, म्हणून माणूस खेळ, मित्र, कामं सोडतो. ती सोडली की दिवसात आनंदाचं काही उरत नाही आणि मन आणखी खचतं. हे चक्र तोडायला सवयी मदत करतात. "मन लागलं की करीन" असं न म्हणता "आधी थोडं करतो, मन मागून येईल" असं म्हणायचं.

१) झोप : १३ ते १८ वयात ८ ते १० तास झोप लागते. रात्री कितीही वाजले तरी सकाळी उठण्याची वेळ शक्यतो एकच ठेवा. मोबाईल अंथरुणापासून लांब, आणि हा नियम आईबाबांनाही!

२) हालचाल : अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या १९९९ च्या अभ्यासात पन्नाशीपुढचे १५६ नैराश्यग्रस्त रुग्ण होते. काहींना व्यायाम, काहींना औषध, काहींना दोन्ही दिलं. १६ आठवड्यांनी तिन्ही गटांत सुधारणा जवळपास सारखी होती. औषधाचा गुण मात्र लवकर दिसू लागला. म्हणून व्यायाम हवाच, पण चालू औषध मनाने बंद करू नये.

३) सकाळचं ऊन : सकाळच्या उजेडाने शरीराचं घड्याळ ताळ्यावर येतं. शाळेत चालत जाणं, झाडांना पाणी घालणं एवढंही चालेल.

४) जेवण : भाकरी, उसळ, पालेभाजी, ताक, जे घरात आहे ते वेळेवर आणि शक्यतो सगळ्यांनी मिळून. मोठ्यांनी 'टेन्शन घालवायला' दारू घेऊ नये. तिने नैराश्य वाढतं.

५) छोटं काम : "अभ्यास कर" हे खचलेल्या मुलाला डोंगराएवढं वाटतं. "दप्तर उघड आणि एकच गणित सोडव" हे जमतं. जमलं की तसं बोलून दाखवा.

६) बोलणं : "तुला काय कमी आहे?" हा प्रश्न नको. "तुला जड जातंय, दिसतंय मला. चल, एक फेरी मारून येऊ," असं म्हणा.

मात्र सवयी हा आधार आहे, संपूर्ण उपचार नव्हे. त्रास दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर डॉक्टर किंवा समुपदेशकांकडे जा. कुणी "जगावंसं वाटत नाही" म्हणालं, तर ती धमकी किंवा नाटक समजू नका. त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मदत घ्या. सरकारची 'टेली-मानस' ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर २४ तास उपलब्ध असून मराठीतही बोलता येतं.

शिक्षक मित्रांनो, हा क्रमांक वर्गाच्या फलकावर कायमचा लिहून ठेवा. आणि पालकहो, या आठवड्यात वरीलपैकी एकच सवय निवडा, पण ती घरातल्या सगळ्यांनी मिळून पाळा. एकट्या मुलाला ती शिक्षा वाटते, सगळ्यांनी केली की सोबत वाटते.