रणजित देसाईंचे वाचक, मुक्काम शंकर नगर

माझं माहेर गडहिंग्लजचं. तिथून कोवाड काही लांब नाही. चंदगड तालुक्यातलं, ताम्रपर्णीच्या काठचं हे गाव रणजित देसाईंचं. त्यामुळे आमच्या घरी त्यांच्याविषयी बोलणं व्हायचं ते आपल्या भागातल्या मोठ्या माणसाविषयी बोलावं तसं. लग्न होऊन रायपूरला आले तेव्हा ट्रंकेत त्यांची ‘स्वामी’ ही कादंबरी होती. सासरची मंडळी मूळची तात्यापाऱ्यातली, पुढे शंकर नगरात घर बांधून राहिलेली. इथली मराठी वेगळी. ‘काय करून राहिलीस’ हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी नुसती बघत राहिले होते. पण पुस्तकाच्या कपाटात देसाई इथेही होते, सासऱ्यांनी खाकी कागदाचं कव्हर घालून ठेवलेले.

आता आम्ही काहीजणी, आणि अलीकडे दोन-तीन पुरुषही, मंगळवारी दुपारी आमच्या बैठकीत जमतो आणि वाचतो. ‘स्वामी’, ‘श्रीमान योगी’, ‘राधेय’ असं वाचत गेलो. त्यातून जे हाती लागलं ते लिहून ठेवते आहे.

१. आवडता लेखक मोठ्याने वाचावा.

देसाईंनी नाटकंही लिहिली आणि ते त्यांच्या कादंबऱ्यांत कानाला कळतं. संवाद छोटे, एकाने टाकावा आणि दुसऱ्याने उचलावा असे. मनात वाचताना आपण ते भराभर ओलांडून कथानकाच्या मागे धावतो. मोठ्याने वाचलं की ‘स्वामी’तले तरुण पेशवे माधवराव आणि त्यांचे काका राघोबादादा यांच्या बोलण्यातला ताण कळतो. पुतण्या मान राखून बोलतो आहे आणि तरीही मागे हटत नाही, हे आवाजातच येतं.

इथे वाढलेल्या मुलांसाठी तर याला पर्याय नाही. हिंदी शाळेमुळे त्यांना देवनागरी सफाईने वाचता येते, त्यामुळे आईबापांना वाटतं की मुलांना मराठी वाचता येतं. प्रत्यक्षात ती मराठी अक्षरं हिंदी सुरात वाचतात. ‘माळ’चं ‘माल’ होतं, ‘डोळे’चं ‘डोले’. आमच्यातल्या एक आजी मोतीबिंदूमुळे वाचू शकत नाहीत, पण त्यांचा कान तयार आहे. मुलगी चुकली की त्या डोळे मिटूनच नुसतं ‘ळ’ म्हणतात, आणि ती मुलगी मागचा शब्द पुन्हा घेते. ‘स्वामी’ची निम्मी पानं होईपर्यंत आजींना टोकायची गरज क्वचितच पडू लागली.

२. कादंबरी आपल्या गावात उभं राहून वाचावी.

हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. गडहिंग्लजला ‘स्वामी’ वाचताना मी पुण्यात होते, शनिवारवाड्यात होते. रायपुरात वाचताना एके ठिकाणी थबकले, ते जानोजी भोसल्यांच्या नावापाशी.

१७६१ साली पानिपत झालं, नानासाहेब गेले आणि सोळा वर्षांचे माधवराव पेशवे झाले. दोन वर्षांतच नागपूरकर जानोजी भोसले निजामाला मिळाले आणि पुण्याची लूट झाली. पुढे जानोजी निजामाला सोडून पेशव्यांकडे वळले आणि १७६३च्या ऑगस्टात राक्षसभुवनला निजामाचा पराभव झाला. तरीही पेशवे आणि भोसले यांच्यातला सल गेला नाही. १७६९ साली पेशव्यांची फौज नागपुरावर चालून गेली आणि मग कनकापूरचा तह झाला. देसाई हे सगळं पेशव्यांच्या बाजूने पाहतात, आणि माधवरावांची कादंबरी म्हणजे तसंच पाहायला हवं. पण आम्ही जिथे बसून वाचतो ती जमीन नागपूरकरांची होती. जानोजींचे बंधू बिंबाजी १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपुरात राहून छत्तीसगडचा कारभार पाहत होते. म्हणजे माधवरावांची सगळी कारकीर्द बिंबाजींच्या कारकिर्दीत मावते. तिकडे थेऊरला पेशवा शेवटच्या दुखण्यात होता, तेव्हा इकडे रतनपूरच्या टेकडीवरच्या राममंदिराचा हा कर्ता राज्य करत होता. कादंबरीत हे यायचं कारण नाही. आमच्या बैठकीत ते यायलाच हवं होतं.

आमच्या गल्लीतले एक निवृत्त छत्तीसगडी शिक्षक या वाचनाला कधीकधी येऊन बसतात. मराठी त्यांना पुरेसं कळतं. भोसल्यांचा विषय निघाला तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “दीदी, हमारे जमींदार तो आपके मराठों को टकोली भरते थे.” टकोली म्हणजे जमीनदारांनी द्यायची खंडणी. क्षणभर कोणीच बोललं नाही. मग तेच पुढे सांगू लागले. १७४१ साली भोसल्यांचे सेनापती भास्करपंत रतनपूरवर चालून आले आणि हैहयांचं जुनं राज्य कसं मोडलं, बिंबाजींचं नाव लोक अजून आदराने घेतात, पण त्यांच्यामागे नागपुराहून नेमलेल्या सुभेदारांनी वसुलीवरच कसं लक्ष ठेवलं. १८१८ नंतर इंग्रज अधिकारी अॅग्न्यूने कारभाराचं ठाणं रतनपूरहून रायपूरला हलवलं आणि आज आपण राहतो त्या शहराला महत्त्व आलं.

त्या दुपारी ‘स्वामी’ची फार थोडी पानं झाली. मला ती दुपार या वाचनातली सर्वांत मोलाची वाटते. ज्या लेखकाने पुण्याच्या दरबाराविषयी इतकं कुतूहल जागवलं, त्याच्यामुळेच आम्ही आमच्या अंगणाचा इतिहास विचारला. ऐतिहासिक कादंबरीकाराचं याहून मोठं ऋण मला माहीत नाही.

३. वाक्य लेखकाचं असेल तर श्रेय लेखकाला द्यावं.

शाळेतल्या भाषणांत, सणावारी स्टेजवर, हल्ली मोबाइलवरही कादंबरीतले संवाद ‘माधवरावांचे उद्गार’, ‘शिवरायांचे शब्द’ म्हणून फिरतात. लोकांचं त्यात प्रेमच असतं, तरी मला ते खटकतं. रामशास्त्र्यांनी तरुण पेशव्याला जपजाप्यावरून खडसावलं, ही आख्यायिका देसाईंच्या आधीपासूनची आहे. पण ते कोणत्या प्रहरी, कोणत्या दालनात, दोघांपैकी कोण आधी गप्प झालं आणि कोणत्या शब्दांत, हे देसाईंनी रचलं. ते इतिहासाच्या खात्यावर टाकलं तर ज्याने रात्री जागून ते घडवलं त्याचंच नाव पुसलं जातं.

म्हणून आमच्याकडे कादंबरीच्या शेजारी रियासतकार सरदेसाईंची ‘मराठी रियासत’ असते. शंका आली की उघडतो. सासऱ्यांनी ‘स्वामी’च्या समासात पेन्सिलीने तहांची आणि लढायांची सालं लिहून ठेवली आहेत, ती तिथूनच घेतलेली. आणि ‘श्रीमान योगी’ हाती घेणाऱ्याने नरहर कुरुंदकरांची प्रस्तावना ओलांडून पुढे जाऊ नये. लेखकावर लोभ असलेला माणूस किती कठोरपणे, किती बारकाईने विचार करू शकतो, ते तिथे दिसतं. असा विचारवंत पुस्तकाच्या दारातच उभा करायला लेखकाचंही मन मोठं लागतं.

४. वाचणाऱ्यांत नाना कामांची माणसं असावीत.

आमच्यात एक निवृत्त परिचारिका आहेत. माधवरावांच्या शेवटच्या दुखण्याची पानं बाकीच्या आम्ही डोळे पुसत ऐकली. त्या मात्र ऐकता ऐकता हळू आवाजात सांगत होत्या की संध्याकाळी अंगात ताप भरतो तो असा, अन्नावरची वासना जाते ती अशी, आणि उशाशी बसणाऱ्याला आपल्यालाही हे लागेल याची भीती असते ती कोणी बोलून दाखवत नाही. माधवरावांच्या पत्नी रमाबाईंच्या सेवेचा अर्थ आम्हाला त्यांच्यामुळे कळला. राजयक्ष्म्याच्या माणसाजवळ दिवसरात्र बसणं म्हणजे काय, हे त्यांनी वॉर्डात पाहिलं होतं.

‘स्वामी’ १९६२ साली आली, तेव्हा क्षयावर औषधं निघून फार वर्षं झाली नव्हती. माझ्या माहेरच्या भागातली माणसं मिरजेजवळच्या वानलेसवाडीच्या आरोग्यधामात जायची आणि सगळीच परत यायची नाहीत. त्या पिढीला थेऊर वाचताना आपल्याच घरातलं कोणीतरी आठवत असणार. ही कादंबरी घराघरांत का गेली, याचं एक कारण मला इथे सापडतं. पेशव्याचं दुखणं वाचकाच्या ओसरीवरचं होतं.

५. जे पान अवघड आहे ते गाळू नये.

१८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला माधवराव गेले. वय सत्तावीस. रमाबाई सती गेल्या. नदीकाठी त्यांचं स्मारक आहे आणि थेऊरच्या चिंतामणीला जाणारे अनेकजण तिथेही जातात.

देसाईंनी त्या दोघांचं प्रेम इतक्या मायेने उभं केलं आहे की शेवटाला पोचेपर्यंत वाचक त्या मुलीत पूर्णपणे गुंतलेला असतो. आमच्यातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने ते पान वाचलं, पुस्तक मांडीवर ठेवलं आणि विचारलं, “मावशी, एवढी माणसं होती तिथे, मग तिला धरून कोणी कसं ठेवलं नाही?” मी तिला सांगितलं की सतीबंदीचा कायदा १८२९ साली आला आणि तिथपर्यंत यायला राममोहन रॉय यांच्यासारख्यांना किती झगडावं लागलं. तिला हे माहीत होतं. तिचा प्रश्न सालांचा नव्हताच.

माझं मत मी तिला त्याच दिवशी दिलं आणि इथेही देते. देसाईंची लेखणी त्या ठिकाणी फार सुंदर झाली आहे आणि म्हणूनच तिथे त्यांच्याशी भांडावं लागतं. आगीला सौभाग्याचं तेज देणारं गद्य वाचताना मन भरून येतं, पण भरून आलेल्या मनाने मान डोलवायची नसते. मी ‘स्वामी’ पुन्हा पुन्हा वाचेन, मुलींच्या हातात देईन, आणि ते पान आलं की दरवेळी थांबून हा वाद घालीन. लेखक आवडतो म्हणजे त्याचं सगळं पटतं असं नाही, आणि हे मुलींना आपल्या तोंडून ऐकायला मिळालं पाहिजे.

६. कौतुक शेजाऱ्यालाही सांगता आलं पाहिजे.

हिंदी भाषक शेजारणींना शिवाजी सावंत ठाऊक असतात. भारतीय ज्ञानपीठाने काढलेलं ‘मृत्युंजय’चं हिंदी भाषांतर या पट्ट्यात मनापासून वाचलं गेलं आहे. देसाईंचं नाव काढलं की त्यांना फारसं आठवत नाही. मग आम्ही त्यांना गोष्ट सांगतो, एखादा प्रसंग हिंदीतून उभा करतो. रायपूरच्या मराठी माणसाला हे काम परकं नाही. १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढणाऱ्या माधवराव सप्र्यांनी ‘दासबोध’ आणि टिळकांचं ‘गीतारहस्य’ हिंदीत नेलं. आपण निदान एक प्रसंग न्यावा.

७. लेखक हयात आहेत तोवर पत्र लिहावं.

देसाई ६ मार्च १९९२ रोजी गेले, त्यांना आता पत्र लिहिता येणार नाही. साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना १९६४ साली ‘स्वामी’साठी मिळाला, १९७३ साली पद्मश्री मिळाली. हे मोठ्या सन्मानांचं झालं. वाचकाचं पत्र हे वेगळंच काहीतरी असतं. आज लिहिणाऱ्या लेखकांची पुस्तकं वाचून झाली की आम्ही प्रकाशकाच्या पत्त्यावर पत्र टाकतो. नियम एकच, ‘छान आहे’ एवढंच लिहायचं नाही. कोणतं पान, कोणतं पात्र, कुठे पटलं नाही, तेही लिहायचं.

८. त्याची कमी गाजलेली पुस्तकं शोधावीत.

पेशवे आणि छत्रपती यांच्या प्रभावळीत देसाईंचं बाकीचं लेखन झाकलं गेलं. ‘बारी’ ही त्यांची सुरुवातीची कादंबरी १९५९ सालची, बेळगावकडच्या सुतगट्टीच्या जंगलातल्या बेरडांची. तिथे दरबार नाही, शालू नाहीत, समया नाहीत. रानातून काढलेला रस्ता आहे आणि त्या रस्त्यामुळे बदलत गेलेलं एका जमातीचं जगणं आहे. माझ्या माहेरकडच्या रानाचा वास तिच्यात आहे, आणि बस्तर-सरगुज्याची रानं पाहिलेल्या छत्तीसगडी माणसाला ती परकी वाटणार नाही. ‘स्वामी’वर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाने हा माणूस दरबाराबाहेर काय पाहत होता, ते वाचायला हवं.

सध्या आमची ‘बारी’ चालू आहे. शंकर नगर, पंडरी, तेलीबांधा, जिथे कुठे राहत असाल आणि मराठी ऐकायची ओढ असेल, तर मंगळवारी दुपारी या. घरात देसाईंची जुनी प्रत पडून असेल तर रद्दीत घालू नका, सोबत घेऊन या. आमच्याकडे वाचणारे जास्त आणि प्रती कमी आहेत.