आधी कोन मोजा, मग शाफ्ट बदला

मारुती जिप्सी १९८५ साली बाजारात आली. उत्पादन थांबून वर्षं झाली, तरी सह्याद्रीतल्या चिखलात आणि गोव्यातल्या पावसाळी ऑफ-रोड स्पर्धांत ती आजही उतरते. तिला उंच करण्याची आपल्याकडची रूढ पद्धत म्हणजे ॲक्सलच्या हौसिंगच्या खाली असलेले पाटे हौसिंगच्या वर घेणं. गाडी साधारण ५ इंच उचलते, मोठे टायर बसतात, आणि थोड्याच दिवसांत मालक जाड प्रॉपेलर शाफ्ट शोधू लागतो. अशा गाड्यांखाली झोपून जे शिकलो ते इथे लिहितो. रस्त्यावरच्या गाडीची मूळ रचना बदलण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चं बंधन आहे, म्हणून हे सगळं ट्रेलरवरून मैदानात न्यायच्या गाडीपुरतंच समजावं.

१. शाफ्टची नळी क्वचितच पिळवटते. आधी जातो तो क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या जॉइंटमधला चार हातांचा तुकडा, आणि बहुतेक वेळा त्याचं कारण शाफ्टचा कोन असतो. क्रॉसचा जॉइंट सरळ रेषेत असेल तर दोन्ही बाजू एकाच वेगानं फिरतात. कोन आला की पुढची बाजू प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे पळते आणि दोनदा मागे रेंगाळते. हा फरक १० अंशांना सुमारे ३ टक्के असतो, २० अंशांना १२ टक्के आणि ३० अंशांना २९ टक्क्यांच्या घरात जातो. म्हणजे कोन दुप्पट झाला की हिसके चौपट. कितीही जाड नळी घातली तरी हे गणित बदलत नाही. म्हणून पैसे खर्च करण्याआधी कोन मोजावा. फोनमधलं ॲपही त्याला पुरतं.

२. दोन टोकांचे हिसके एकमेकांना मारू शकतात, पण त्यासाठी दोन्ही जॉइंटचे कोन सारखे हवेत आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एका रेषेत हवेत. ट्रान्सफर केसमधून निघणारं टोक आणि डिफरन्शियलचा पिनियन समांतर ठेवायचा तो यासाठी. पाटे वर घेताना हौसिंगवर नवी पॅड वेल्ड करावी लागतात, आणि कोन साधायची खरी संधी तीच. पॅडना आधी नुसते टाके मारावेत, गाडी चाकांवर उभी करावी, स्टेपनीपासून विंचपर्यंत सगळं वजन चढवावं, कोन बघावा आणि मगच पूर्ण वेल्डिंग करावं. ॲक्सिलरेटर दाबला की मागच्या पिनियनचं तोंड वर उठतं आणि पाटे मऊ असतील तर जास्तच उठतं, म्हणून ते एखाद-दोन अंश खाली ठेवलेलं बरं.

डबल कार्डन जॉइंट बसवला की हा नियम बदलतो. तिथे ट्रान्सफर केसकडचा जोडजॉइंट सगळा कोन आपल्याकडे घेतो आणि पिनियनचं तोंड थेट त्याच्याकडे वळवावं लागतं. महागडा जॉइंट घालून पिनियन जुन्याच जागी ठेवला तर थरथर तशीच राहते. असा खर्च वाया गेलेला बघताना मला फार वाईट वाटतं.

३. पुढच्या हौसिंगला मात्र असं मनमोकळं फिरवू नये. पिनियन वर वळवला की कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंगच्या अक्षाचा मागचा कल, कमी होतो, वळणानंतर स्टिअरिंग आपणहून परत येत नाही आणि गाडी भरकटते. पुढच्या शाफ्टचा कोन थोडा वाईट राहिला तरी चालेल, स्टिअरिंगशी तडजोड नको.

४. जिप्सीत ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळा असतो आणि मध्ये एक छोटा शाफ्ट असतो. मोठ्या शाफ्टचा कोन कमी करायला ट्रान्सफर केस खाली सरकवला तर या छोट्या शाफ्टचा कोन वाढतो. लांबी कमी असल्यानं केस थोडा खाली घेतला तरी तो बराच वाढतो.

५. शाफ्टची लांबी सपाट जमिनीवर ठरत नाही. चेसिसला जॅक लावून चाकं पूर्ण लोंबकळू द्यावीत आणि स्लिप जॉइंटमध्ये स्प्लाइन किती शिल्लक राहतात ते बघावं. मग एका बाजूनं गाडी चढवून पाटे पूर्ण दाबावेत आणि आत जायला जागा उरते का तेही बघावं. जागा उरली नाही तर शाफ्ट ट्रान्सफर केसच्या बेअरिंगला ढकलत राहतो.

६. नळी वाढवून घ्यायची तर ट्रकचे शाफ्ट करणाऱ्या कारागिराकडेच जावं आणि बॅलन्सिंग झाल्याशिवाय शाफ्ट उचलू नये. स्लिप जॉइंट उघडण्याआधी दोन्ही भागांवर पंचनं खूण करावी. एक दात इकडेतिकडे झाला तरी योकची रेष चुकते.

७. पाण्यातून निघाल्यावर त्याच दिवशी ग्रीस मारावं, क्रॉसच्या चारही कपांतून ताजं ग्रीस बाहेर येईपर्यंत. हळू चालताना पाखरासारखी चिरचिर ऐकू आली किंवा कपाभोवती तांबूस भुकटी दिसली, तर आतल्या बेअरिंगच्या सुया कोरड्या पडल्या आहेत.

८. शाफ्ट अतिशय दणकट केला की भार पुढे सरकतो आणि क्राऊन-पिनियन किंवा पुढच्या चाकांकडचे जॉइंट तुटतात. क्रॉस डोंगरातही बदलता येतो, क्राऊन-पिनियन नाही. म्हणून मी तुटायचा मान मुद्दाम क्रॉसकडेच ठेवतो आणि सोबत दोन क्रॉस, लॉक, हातोडा आणि योग्य मापाचे सॉकेट बाळगतो. शाफ्टच्या पुढच्या टोकाखाली लोखंडी कडं वेल्ड करून घ्यावं. ते टोक सुटून जमिनीत रुतलं तर गाडी उचलली जाऊ शकते.

९. मागचा क्रॉस गेला आणि जादा क्रॉस उरला नसेल, तर दोन्ही फ्लँजचे बोल्ट काढून शाफ्ट आत टाकावा, पुढचे हब लॉक करून फोर व्हील लावावं आणि पुढच्या चाकांवर सावकाश ट्रेलरपर्यंत यावं. बोल्टला पाना लावण्याआधी चारही चाकांना दगड लावावेत, कारण शाफ्ट सुटला की मागची चाकं गिअरनं धरून राहत नाहीत.