परसबागेतील पीच

हिमाचल प्रदेशातील सोलन व सिरमौर जिल्ह्यांच्या मध्यम उंचीच्या डोंगराळ भागात पीच, म्हणजेच सप्ताळू, उत्तम येतो. बहुतेक जातींत स्वपरागीभवन होत असल्याने परसात एकच झाड लावले तरी ते फळते. मात्र या झाडाचे थंडीशी असलेले नाते दुहेरी आहे.

हिवाळ्यात पाने गाळून झाड विश्रांती घेते. या काळात सुमारे ७ अंश सेल्सिअसखालील थंडी पुरेसे तास मिळाली नाही, तर वसंतात कळ्या नीट फुटत नाहीत. ‘जुलै एल्बर्टा’ या जातीला अशी थंडी अधिक लागते. ‘फ्लोर्डासन’ला कमी पुरते. उलट, फुलोऱ्याच्या वेळी हिमतुषार पडल्यास फुले करपून हंगाम वाया जातो. रात्रीची थंड हवा खोलगट जागी साचते. म्हणून झाड उतारावर, निचऱ्याच्या व भरपूर उन्हाच्या जागी लावावे.

पीचला फळे गतवर्षीच्या फुटव्यांवरच धरतात. यास्तव हिवाळ्याच्या अखेरीस दरवर्षी छाटणी करणे अगत्याचे ठरते. मायेपोटी कात्री आवरली, तर नवे फुटवे कमी येतात आणि फळे शेंड्याकडे सरकतात. पाने मुरडण्याचा बुरशीजन्य रोग टाळण्यासाठी कळ्या फुगण्यापूर्वीच बोर्डो मिश्रण फवारावे. पाने मुरडल्यानंतर केलेली फवारणी त्या वर्षी उपयोगी पडत नाही. लहान फळांची विरळणी केल्यास उरलेली फळे चांगली पोसतात.

सारांश, जातीची व जागेची निवड एकदाच करावयाची असते. छाटणी मात्र दरवर्षी करावी लागते.