भाड्याची नवी एसयूव्ही आणि दारातली जुनी

प्रश्न : माझी २०१४ ची स्कॉर्पिओ आहे, बिनएअरबॅगची. कोकणात भाड्याने घेतलेली एक्सयूव्ही ७०० लोण्यासारखी चालली. जुनी विकावी का?

उत्तर : आधी तुलना नीट करू. त्या आरामाचा काही भाग बांधणीतून येतो. स्कॉर्पिओची बॉडी शिडीसारख्या चॅसीवर बसवलेली असते. एक्सयूव्हीची बॉडी आणि सांगाडा एकसंध. हा फरक मेकॅनिक मिटवू शकत नाही. पण स्कॉर्पिओचा उरलेला खडखडाट बहुधा झिजेचा आहे. टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे पाहा : २३१७ म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. इतकं जुनं रबर नक्षी शाबूत असली तरी कडक झालेलं असतं. टायर, शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि सस्पेन्शनचे बुश बदलून कोकणातलाच एखादा घाट या गाडीने चढा, मग आरामाचा निकाल लावा.

जुन्या गाडीत पैसे का घालायचे, असं म्हणाल. आरामापुरतं बोलायचं तर हा खर्च नव्या गाडीच्या हप्त्यांपुढे किरकोळ आहे. सुरक्षिततेचं मात्र वेगळं. ग्लोबल एनकॅपच्या २०१६ च्या अपघात-चाचणीत बिनएअरबॅगच्या स्कॉर्पिओला शून्य तारे मिळाले. २०२१ मध्ये एक्सयूव्ही ७०० ला प्रौढांच्या सुरक्षेसाठी पाच. ही दरी कुठल्याही गॅरेजमध्ये भरून निघत नाही. गाडी गावातल्या गावात फिरणार असेल तर दुरुस्त करून वापरा. पण मुलाबाळांना घेऊन महामार्गावर नेहमी जाणं असेल, तर विका. आणि नवी घेईपर्यंत मागच्या सीटवरही पट्टा लावल्याशिवाय गाडी हलवू नका.